सोलापूरच्या उन्हात लांबची सायकल राइड करायचीय? मग आधी पाण्याचा हिशोब मांडा

मार्च उजाडला की सोलापूरच्या सायकलवाल्यांचं सगळं वेळापत्रकच बदलतं. जानेवारीत सातला निघून आरामात तुळजापूरला नाश्ता करून येणारी मंडळी आता पहाटे पाचलाच गल्लीच्या तोंडाशी टायर दाबून बघत उभी असतात. त्यात नवीन सायकल घेतलेले पण एकदोघं असतातच, सायकल झकास, हेल्मेट आहे, पुढंमागं लाइट आहे, पंक्चरचं किट आहे, आणि पाण्याची मात्र अर्ध्या लिटरची एकच बाटली. जाताना हवा गार असते म्हणून ती पुरेल असं वाटतं, मग अक्कलकोटहून परत येताना साडेनऊचं ऊन पाठीवर बसलं की वळसंगच्या आसपास ती रिकामी होते आणि घर अजून वीसेक किलोमीटर लांब असतं. अशा नवीन लोकांसाठी हे लिहितोय. माझं म्हणणं सरळ आहे, पाण्याचा हिशोब घरी बसूनच करायचा, स्वतःच्या अंगाचा करायचा, आणि मग रस्त्यावर तो फक्त पाळायचा.

आधी आपलं ऊन कसं आहे ते बघा

आपल्याकडचं ऊन कोरडं. एप्रिल-मे मध्ये पारा ४० च्या वर जातोच, पण हवेत ओल नसते, त्यामुळे घाम आला रे आला की उडून जातो. मुंबईला कोण थोडं चाललं तरी शर्ट चिकटतो, इथं तासभर सायकल चालवून पण कपाळ कोरडंच, त्यात सायकलवर समोरून वारा लागत असतो तो वेगळाच. म्हणून नवीन माणसाला वाटतं की आपल्याला काही घाम येत नाही बुवा. येतो, चांगला भरपूर येतो! सिग्नलला किंवा चहाच्या टपरीवर थांबून बघा, दोन मिनिटात मानेवरून, कोपरांवरून धारा लागतात, कारण वारा थांबला आणि घाम मात्र चालूच राहिला. घरी येऊन टी-शर्ट वाळला की पाठीवर, बॅगेच्या पट्ट्याखाली पांढऱ्या रेषा दिसतात बघा, ते अंगातून गेलेलं मीठ.

आणि घाम येतोय ही चांगलीच गोष्ट आहे. एक लिटर घाम कातडीवरून पूर्ण उडाला तर जवळजवळ ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, अंग गार ठेवायचं हे मुख्य साधन. हवा अंगापेक्षा गरम झाली की तर हेच एक साधन उरतं. त्यामुळे घाम थांबवायचा नाहीये, घामाला लागणारं पाणी आणि मीठ अंगाला मिळत राहील एवढं बघायचंय.

जूनमध्ये पाऊस यायच्या आधीचे जे दमट दिवस असतात त्यांची गंमत वेगळी, तेव्हा घाम उडत नाही, नुसता टपकतो, आणि टपकलेला घाम अंग गार करत नाही. त्या दिवसात पाणी तर तेवढंच किंवा जास्तच लागतं पण अंतर आणि स्पीड मात्र कमी ठेवायचा.

पहिलं काम: स्वतःचा घाम मोजायचा

ताशी किती पाणी प्यावं असं विचारलं की प्रत्येकजण वेगळा आकडा सांगतो, आणि प्रत्येकाचा आकडा त्याच्यापुरता खरा पण असू शकतो, कारण कोणाला तासाला अर्धा लिटर घाम येतो तर कोणाला दीड-दोन लिटर. वजन, स्पीड, ऊन, सवय, सगळ्यावर ते बदलतं. म्हणून मित्राचा आकडा घेऊ नका, आपला काढा. त्याला फक्त एक वजनकाटा लागतो, १०० ग्रॅमचा फरक दाखवणारा साधा डिजिटल काटा चालतो.

राइडला निघायच्या आधी लघवीला जाऊन या आणि कमीत कमी कपड्यात वजन करा. बाटलीत किती पाणी भरलं ते लिहून ठेवा. मग ज्या वेळेला आणि ज्या स्पीडने तुम्ही नेहमी चालवणार आहात तसे दीड-दोन तास चालवून या, मध्ये खाणं टाळा म्हणजे हिशोब सोपा राहतो. परत आल्यावर आधी टॉवेलने अंग, डोकं कोरडं पुसा, घामाचे कपडे काढा आणि परत वजन करा. घामाने भिजलेला टी-शर्ट अंगावर ठेवून वजन केलं तर गेलेला घाम पण काट्यावर मोजला जातो आणि आकडा चुकतो, हे बरेच जण विसरतात.

आता हिशोब. समजा एकाचं वजन निघताना ७० किलो होतं, आल्यावर ६९ भरलं, आणि अडीच तासात त्याने दीड लिटर पाणी प्यायलं. म्हणजे एक किलो कमी झालं तो एक लिटर, अधिक प्यायलेला दीड लिटर, एकूण अडीच लिटर घाम अडीच तासात, म्हणजे तासाला एक लिटर. मध्ये लघवीला थांबला असेल तर तेवढं त्यातून वजा.

मग काय, तासाला एक लिटर प्यायचं का? नाही. गेलेलं सगळंच्या सगळं चालत्या राइडमध्ये भरून काढायची गरज नसते आणि पोटाला ते झेपत पण नाही, तासाला एक लिटरच्या आसपास गेलं की बऱ्याच जणांच्या पोटात पाणी डुचमळायला लागतं. धरायचं काय तर राइड संपताना वजन २ टक्क्यांपेक्षा जास्त घटलेलं नसावं, त्याच्या पुढं गेलं की पाय जड होतात, नाडी वाढते, डोकं चालेनासं होतं. आपल्या ७० किलोवाल्याचे २ टक्के म्हणजे १.४ किलो. चार तासाची राइड असेल तर घाम जाणार चार लिटर, त्यातले १.४ लिटर कमी पडले तरी चालेल, राहिले २.६ लिटर, म्हणजे तासाला साधारण ६५० मिली. हा त्याचा आकडा. तुमचा तुम्ही काढा, आणि फेब्रुवारीत काढलेला आकडा मे मध्ये वापरू नका, ऊन वाढलं की परत एकदा काट्यावर उभं रहा.

काटाच नसेल तर सुरुवातीला तासाला ५०० ते ७०० मिली धरून चाला आणि घरी आल्यावर लघवीचा रंग बघा. फिकट लिंबू सरबतासारखा असेल तर ठीक, गडद पिवळा किंवा चहासारखा असेल तर कमी पडलं.

उन्हाची सवय

वर्षभर ऑफिसात एसीत बसून एकदम मे च्या पहिल्या रविवारी शंभर किलोमीटर टाकायचे, असं करू नये. अंगाला ऊन सोसायला दहा ते चौदा दिवस लागतात. या दिवसात रोज तासभर किंवा एक दिवसाआड हलक्या स्पीडने सकाळच्या कोवळ्या उन्हात चालवा आणि वेळ हळूहळू वाढवा. सवय झाली की घाम लवकर सुटतो, जास्त सुटतो आणि त्यात मीठ कमी जातं, रक्तातलं पाणी पण वाढतं. म्हणजे सरावलेल्या माणसाला पाणी कमी लागतं हा गैरसमज आहे, त्याला उलट जास्तच लागतं, फक्त त्याचं अंग जास्त चांगलं गार राहतं.

आदल्या संध्याकाळपासून सुरुवात

पाचला निघायचं असेल तर चारला उठून दोन लिटर पाणी ढोसून काही होत नाही, त्यातलं बरंचसं लघवीवाटे बाहेर जातं. खरं काम आदल्या दिवशी दुपारपासून चालू होतं. दिवसभर नेहमीसारखं पाणी, जेवणात ताक, रात्री वरणभात नाहीतर भाकरी, शेंगाचटणी, दही असं साधं मिठाचं जेवण. मीठ पोटात असलं की प्यायलेलं पाणी अंगात टिकतं. दारू मात्र आदल्या रात्री नको, ती अंगातलं पाणी काढते आणि झोप पण बिघडवते.

सकाळी उठल्यावर सावकाश ३००-४०० मिली पाणी, निघायच्या अर्धापाऊण तास आधी, म्हणजे लघवीला जायला पण वेळ मिळतो. चहाची सवय असेल तर कपभर चहा बिनधास्त घ्या, चहाने अंग कोरडं पडतं असं काही नाही, नेहमी पिणाऱ्याला तो पाण्यासारखाच लागू पडतो.

बाटल्या

सायकलला दोन बाटल्यांची सोय पाहिजेच, फ्रेमवर दोन केज, म्हणजे बाटली अडकवायचे स्टँड, बसवून घ्या, बहुतेक सायकलींना त्याची भोकं असतातच. ७५० मिलीच्या दोन म्हणजे दीड लिटर झालं. त्याच्या पुढं लागणार असेल तर पाठीवरची पाण्याची पिशवी, पण ती उन्हात पाठ झाकते आणि पाठीचा घाम उडू देत नाही, म्हणून मी सोलापूरच्या उन्हाळ्यात ती शेवटचा पर्याय मानतो. वापरलीच तर लक्षात ठेवा की पाइपमधलं पाणी उन्हाने तापतं, घोट घेतल्यावर फुंकर मारून पाइपमधलं उरलेलं पाणी परत पिशवीत ढकलायचं म्हणजे पुढचा घोट गरम येत नाही.

गार पाणी माणूस जास्त पितो आणि ते अंगाला आतून थोडं गार पण करतं, म्हणून गारवा टिकवायला पाहिजे. एक बाटली रात्री पाऊणच भरून फ्रीजरमध्ये आडवी ठेवा, काठोकाठ भरली तर बर्फ फुगून झाकण उचलतं किंवा बाटली चिरते. सकाळी वरून पाणी घालून भरायची. स्टीलची थर्मास बाटली फ्रीजरमध्ये कधीच ठेवायची नाही.

आणि हे एक करून बघाच. जुना सुती पायमोजा घ्या, पाण्यात भिजवून बाटलीवर चढवा. आपल्या कोरड्या हवेत सायकलच्या वाऱ्याने ते पाणी उडत राहतं आणि माठासारखं आतलं पाणी गार राहतं. मोजा वाळला की वरून थोडं पाणी ओतायचं. एक पैसा खर्च नाही, आणि हवा जेवढी कोरडी तेवढं हे जास्त चालतं, म्हणजे सोलापूरसाठीच बनलंय असं समजा.

बाटलीत काय भरायचं

एका बाटलीत मीठ-साखर-लिंबाचं पाणी, दुसरीत साधं पाणी. दोन्ही वेगळ्या का, तर साधं पाणी डोक्यावर, मानेवर, मोज्यावर ओतता येतं, साखरेचं ओतलं तर अंग चिकट होतं आणि माशा घोंगावतात.

घामात सगळ्यात जास्त जातं ते सोडियम, म्हणजे आपलं साधं मीठ. तासाभराच्या राइडला नुसतं पाणी पुरतं, तहान लागेल तसं प्या, बाकी काही लागत नाही. दीड-दोन तासाच्या पुढं उन्हात जाणार असाल तर मीठ पाहिजेच. घरचं प्रमाण असं: ७५० मिली पाण्यात पाव चमचा मीठ, सहा-सात चमचे साखर, अर्ध्या लिंबाचा रस. चमचा म्हणजे औषधाच्या बाटलीबरोबर मिळतो तो ५ मिलीचा, आणि सपाट भरलेला, वर ढीग नको. पोह्याचा चमचा वापरला तर मीठ दुपटीने पडतं. चव घेऊन बघा, डोळ्यातल्या पाण्यापेक्षा कमी खारट लागलं पाहिजे, तेवढं किंवा त्यापेक्षा खारट असेल तर पाणी वाढवा. साखर जास्त घालायचा मोह होतो पण दाट साखरपाणी पोटात रेंगाळतं आणि मळमळतं, फिकंच बरं. सैंधव वापरलं तरी चालतं पण ते काही जादू करत नाही, त्यात पण सोडियमच असतं.

मेडिकलमधली ओआरएसची पुडी पण चांगली, खिशात ठेवायला सोपी. फक्त पुडीवर जेवढं पाणी लिहिलंय तेवढ्यातच पूर्ण पुडी घालायची. मोठी पुडी एक लिटरची असते, ती ७५० च्या बाटलीत ओतली की प्रमाण बिघडलं. घरी एक लिटर बनवा आणि मग बाटलीत भरा, नाहीतर २०० मिलीच्या छोट्या पुड्या घ्या. डब्ल्यूएचओच्या (जागतिक आरोग्य संघटनेच्या) प्रमाणात एका लिटरला मीठ २.६ ग्रॅम आणि ग्लुकोज १३.५ ग्रॅम असतं, शिवाय पोटॅशियम आणि सायट्रेट. म्हणजे पाणी-मिठाचं काम ती झकास करते पण ताकदीसाठी त्यात साखर फार नाही, खायला वेगळं न्यावं लागतं. घेताना वर डब्ल्यूएचओचा फॉर्म्युला असं लिहिलेलं बघून घ्या. ओआरएस नावाने गोड ज्यूससारखे डबे पण विकले जायचे, ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने (अन्नसुरक्षेचं केंद्रीय सरकारी प्राधिकरण) असल्या पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला बंदी घातली, तरी दुकानातून उचलताना मागची बाजू वाचायची सवय ठेवा.

बोअरचं मचूळ पाणी प्यालं की मीठ मिळालं असं काही जण म्हणतात. ते नाही धरायचं. त्या खारटपणात बाकीचे क्षार बरेच असतात, आणि चव नकोशी म्हणून माणूस पितोच कमी. घरचं उकळलेलं नाहीतर फिल्टरचं पाणीच भरा. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, पिंपात साठवलेलं असतं, तर बाटलीसाठी लागणारं आदल्या दिवशीच गाळून-उकळून वेगळं काढून ठेवायचं, पहाटे अंधारात शोधाशोध नको.

बीपी, किडनी, शुगर यांचा त्रास असणाऱ्यांनी किंवा पाण्याची गोळी (लघवी जास्त करवणारी) चालू असणाऱ्यांनी हे मिठा-साखरेचं प्रमाण आपल्या डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नका, यात हयगय नको.

चालत्या सायकलवर पिणं

नवीन माणूस पाणी कमी पितो याचं एक साधं कारण म्हणजे त्याला एका हाताने सायकल चालवत बाटली काढता येत नाही, तो पुढच्या स्टॉपला पिऊ म्हणतो आणि स्टॉप तासाभराने येतो. म्हणून हायवेला जायच्या आधी मोकळ्या मैदानात प्रॅक्टिस करा. मागचा ब्रेक ज्या हाताला आहे तो हात हँडलवरच राहील आणि दुसऱ्या हाताने बाटली काढायची. नजर रस्त्यावर, बाटलीकडे बघायचं नाही, केज कुठं आहे ते हाताला कळलं पाहिजे. जमेपर्यंत सरळ बाजूला थांबून प्या, मागून टँकर येत असताना हे प्रयोग करायचे नाहीत.

दर दहा-पंधरा मिनिटांनी पाच-सहा घोट, म्हणजे साधारण १५० मिली. मोबाइलला किंवा सायकलच्या मीटरला पंधरा मिनिटाचा अलार्म लावा. लांबच्या राइडला तहानेवर सगळं सोडता येत नाही, बोलण्यात नाहीतर स्पीडच्या नादात तहान लक्षातच येत नाही, आणि सकाळच्या गारव्यात तर ती लागतच नाही. खरं तर पहिल्या तासात नीट प्यायलेलं पाणीच दहा वाजताच्या उन्हात उपयोगी पडतं. पिण्याआधी बाटलीचं तोंड पुसा, उसाच्या ट्रॉल्या आणि डंपर जाणाऱ्या रस्त्यावर त्याच्यावर धुळीचा थर बसतो. झाकणवाली बाटली मिळाली तर उत्तमच.

रस्त्याचा चढ पण हिशोबात धरायचा. तुळजापूरचं घ्या, जाताना हिप्परग्याच्या तलावाजवळून तामलवाडीपर्यंत सगळं सोपं जातं, आणि सगळ्यात अवघड घाट येतो शेवटी, गावाच्या तोंडाला. तिथं स्पीड दहाच्या खाली येतो म्हणजे वारा लागत नाही, मेहनत दुप्पट, घाम एकदम धो धो. चढावर धाप लागलेली असताना पाणी घशात अडकतं, म्हणून घाट सुरू व्हायच्या आधी, सपाटीवर असतानाच पिऊन घ्या आणि थोडं डोक्यावर ओता.

गळ्यात ओला पंचा किंवा छोटा टॉवेल ठेवा, आपल्या गावात टॉवेलला काय तोटा. फक्त टोकं टी-शर्टात नीट खोचा, लोंबतं टोक चाकात गेलं तर मोठा अपघात होतो.

वाटेत काय घ्यायचं

निघायच्या आधी रस्त्यावरची पाणी भरायची ठिकाणं ठरवून ठेवा, आणि रविवारी पहाटे कुठलं दुकान उघडं असतं ते पण विचारून ठेवा. पेट्रोल पंपावर पिण्याचं पाणी फुकट मिळतं. नान्नज-वैराग मार्गे बार्शीला जाणार असाल तर मधे माळरान लांबच लांब आहे, सावली कमी, तिथं नान्नजलाच दोन्ही बाटल्या भरून घ्यायच्या, अर्धी भरलीय म्हणून पुढं जायचं नाही. नियमच करा की बाटली अर्धी झाली आणि पाणी दिसलं की भरायची.

उन्हाळ्यात गावोगावी पाणपोया असतात, रांजण झाकलेला आणि ओगराळं स्वच्छ दिसलं तर पाणी प्यायला हरकत नाही, शंका आली तर ते डोक्यावर आणि टॉवेलवर घ्या, त्याचा पण तेवढाच उपयोग.

ताक हे माझ्या मते आपल्या भागातलं सगळ्यात चांगलं राइडचं पेय. पाणी, मीठ, थोडी ताकद, आणि पोटाला हलकं. टपरीवर थांबलात की सरळ सांगायचं, "मावशी, ताक पातळ द्या आणि मीठ जरा चढं टाका." मावशी वर जिरेपूड टाकून देतात, एक ग्लास तिथंच उभ्याने प्यायचा आणि दुसरा पाच मिनिटं सावलीत बसून. बाटलीत भरून मात्र नेऊ नका, उन्हात ते आंबतं आणि बाटलीचा वास जात नाही.

लिंबू सोडा मीठ घालून चांगला, पण गॅसने पोट फुगतं म्हणून अर्धाच. नारळपाण्याबद्दल लोकांना फार प्रेम आहे, ते चांगलंच आहे पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम त्या मानाने कमी, घामाने गेलेलं मीठ त्याने भरून येत नाही, बरोबर खारे शेंगदाणे नाहीतर चिवडा खा. उसाच्या रसात साखर फार, अर्धा ग्लास मीठ-लिंबू टाकून बिनबर्फाचा आणि त्याच्यावर साधं पाणी, अशाने ताकद येते. बर्फ कुठल्या पाण्याचा आहे ते आपल्याला माहीत नसतं, आणि राइडच्या मधे पोट बिघडलं तर घामाच्या जोडीला आणखी पाणी जातं. कलिंगड, काकडी मिळाली तर मीठ लावून जरूर खा.

जास्त पाणी पण घातक

हे नवीन लोकांना कोणी सांगत नाही. भीतीने कोणी तासाला दीड-दोन लिटर साधं पाणी पीत राहिला तर रक्तातलं सोडियम पातळ होतं, त्याने मळमळ, डोकेदुखी, बोटं सुजून अंगठी घट्ट होणं, पोट फुगणं, आणि पुढं जाऊन भ्रम आणि झटके येऊ शकतात, जीवाला धोका होतो. हळू चालवणारे, चार-पाच तास रस्त्यावर असणारे आणि सतत साधं पाणी पिणारे यांना हा धोका जास्त. काटा इथं पण कामाला येतो: राइडनंतर वजन निघतानापेक्षा वाढलेलं असेल तर तुम्ही जास्त प्यायलात. अशा माणसाला त्रास होत असताना आणखी पाणी पाजू नका, दवाखान्यात न्या.

कधी थांबायचं

तोंड कोरडं, डोकं ठणकतंय, नाडी उतारावर पण खाली येत नाही, तीन-चार तासात लघवीच नाही, उन्हात असून अंगावर काटा येतोय, यातलं काहीही झालं की सावली बघून थांबा. अर्धा तास बसा, मीठ-साखरपाणी घोट घोट घ्या, अंगावर पाणी ओता. बरं वाटलं तरी राइड तिथंच संपवा आणि घरी फोन करून गाडी बोलवा. ग्रुपमध्ये असाल तर एकमेकांकडे लक्ष ठेवा, नेहमी बडबड करणारा माणूस अचानक गप्प झाला, सायकल वेडीवाकडी चालवायला लागला, विचारलेल्याला भलतंच उत्तर द्यायला लागला तर तो उष्माघात समजा. अंगाला घाम असला तरी उष्माघात असू शकतो, त्यामुळे घाम येतोय म्हणजे बरा आहे असं मानू नका.

अशा वेळी १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत गार करणं चालू ठेवा. सावलीत आडवा करा, हेल्मेट, बूट, जाड कपडे काढा, जे पाणी असेल ते सगळं अंगावर ओता, वारा घाला, बर्फ मिळाला तर मानेला, काखेत, जांघेत ठेवा. पहिल्या मिनिटांतलं हे गार करणंच जीव वाचवतं. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही, श्वासनलिकेत जातं.

आणि हवामान खात्याने उष्णतेच्या लाटेचा इशारा दिलेला असेल त्या दिवशी लांबची राइड ठेवू नका, पहाटेचा तास-दीड तास गावातच फिरून या. बाकी दिवशी पण नऊ-साडेनऊला घरात असाल असंच अंतर निवडा.

घरी आल्यावर

आल्या आल्या फ्रीजसमोर उभं राहून एक लिटर पाणी घटाघटा प्यायचं नाही. काट्यावर उभं रहा, जेवढं वजन कमी झालंय त्याच्या सव्वा ते दीडपट पाणी पुढच्या तीन-चार तासात हळूहळू घ्यायचं, म्हणजे एक किलो घटलं तर सव्वा ते दीड लिटर. दीडपट कशाला, तर प्यायलेल्यातलं काही लघवीतून जातंच. नुसतं पाणी नको, बरोबर जेवण: भाकरी, आमटी, ताक, लोणच्याची फोड, त्यातलं मीठच पाणी धरून ठेवतं.

बाटल्या त्याच दिवशी गरम पाण्याने आणि ब्रशने धुवा, झाकणाचं रबर काढून त्याच्या खालची खाच पण धुवा, साखरेचं पाणी तिथं अडकून काळी बुरशी धरते. मग उलट्या ठेवून पूर्ण वाळू द्या.

दुसऱ्या दिवशी परत राइड असेल तर सकाळी उठल्यावर आधी वजन बघा. नेहमीच्या सकाळच्या वजनापासून अर्ध्या किलोच्या आत असेल आणि लघवी फिकट असेल तर खुशाल निघा. एक किलो कमी दाखवत असेल आणि लघवी गडद असेल तर त्या दिवशी सायकल घरातच राहू द्या, पाणी प्या, जेवा, परवा जाता येईल.